सातचा भोंगा आणि म्यूटचं बटण

‘दोन मिनिटं बोलू या का?’

किती साधं वाक्य आहे. शेजारीण म्हणाली तर आपण चहा टाकतो. पण हेच वाक्य कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात उमटलं की मी आधी बँकेतली शिल्लक बघते, आणि इतक्या वर्षांत ही सवय गेलेली नाही. आमच्या धंद्यात वाईट बातमी लिहून येत नाही. ती या दोन मिनिटांत येते, आणि बहुतेक वेळा दोन मिनिटंही घेत नाही.

संपादकांनी ‘आयटीतले अनुभव’ लिहा म्हटलं तेव्हा मी आधी नकोच म्हटलं होतं. आयटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र आणि परदेशवारी येते. मी आजवर विमानात बसलेली नाही. मी कंत्राटी. मग म्हटलं, पगाराबद्दल सगळेच लिहितात, आपण भीतीबद्दल लिहू. गावाचं आणि कंपन्यांचं नाव मात्र सांगणार नाही. करारात तशी अट होती. करार संपला तरी अटीची धास्ती काही संपत नाही.

आधी धंदा समजावून सांगते. अमेरिकेत गुरांचं खाद्य विकणारी एक कंपनी आहे. आपली सरकी पेंड समजा. तिथला शेतकरी कॉम्प्युटरवर मागणी नोंदवतो आणि गोदामातून ट्रक सुटतो. हे सगळं चालवणारी यंत्रणा जुनी, ठिगळांवर ठिगळं लावलेली. रोज कुठेतरी अडायची. ती अडली की ट्रक फाटकात उभा आणि तिकडे गाई दावणीला उपाशी. अडलेलं सोडवायचं हे माझं काम. ते काम त्या कंपनीने एका मोठ्या कंपनीला दिलं, मोठीने पुण्यातल्या एका एजन्सीला, आणि एजन्सीने मला. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्यावर एक मुकादम असतो. माझ्यावर दोन होते. फरक एवढाच, की ऊस तोडणाऱ्याला फड संपत आलेला डोळ्यांनी दिसतो. माझा फड कधी संपणार, हे मला सोडून सगळ्यांना माहीत असायचं.

माझं माहेर सातारचं. अब्बा स्टँडवर रिक्षा चालवायचे. माझं काम त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यातली मेख त्यांनी बरोबर पकडली होती. म्हणायचे, “आमचं गिऱ्हाईक मागं बसल्यालं असतंय. तुझं गिऱ्हाईक कुटं बसतंय, हे तुला तरी ठावं हाय का?”

मला हे काम शिकवलं मार्गारेट नावाच्या बाईंनी. त्या अमेरिकेत, मी पुण्याच्या ऑफिसात, मधे फोन. आवाजावरून माझ्या फुफूच्या, म्हणजे आत्याच्या वयाच्या वाटायच्या. कुठलं ठिगळ कुठे लावलंय, ते का काढायचं नाही, कुठला शेतकरी मागणी दोनदा नोंदवतो, सगळं त्यांनी मायेने सांगितलं. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, “आता मला माहीत असलेलं सगळं तुला माहीत आहे.” मी आभार मानले आणि कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात त्यांना काहीतरी विचारायला गेले तर यादीतून त्यांचं नावच गेलेलं. ते पेढे मला अजून आठवतात.

लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसले तशी मी सासरी आले, विट्याच्या बाजूला. माझे पती रियाज यांचं तिथे कोयते-विळे धार लावण्याचं दुकान आहे. एजन्सीचे नीलेश सर माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, पण माझे मुकादम तेच. ते म्हणाले, “मॅडम, राहा खुशाल गावी. फक्त कागदावर पुण्यातच राहा. क्लायंटला गाव ऐकू यायला नको.”

गाव ऐकू यायला नको, हे सांगायला सोपं आहे. गावात सगळं ऐकू येतं. अजान आहे, भजन आहे, गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर आहेत, सासूबाईंच्या कोंबड्या आहेत. त्यामुळे मी जी खरी विद्या कमावली ती कॉम्प्युटरची नव्हे, म्यूटच्या बटणाची. हे बटण दाबलं की आपला आवाज पलीकडे जात नाही. ट्रॅक्टर वळणावर आला की गाणं पोचायच्या आत माझं बोट बटणावर. माझ्या हाताखाली सारिका होती, आटपाडीची. घरची मेंढरं, बाप अजूनही पावसाळा सोडून कुठे कुठे रानात. घरात दरमहा ठरलेला पगार आणणारी ती पहिलीच. तिला मी यंत्रणेच्या आधी म्यूट शिकवलं. ती म्हणायची, “बाई, मेंढरं सांगून वरडत न्हाईत.” मी म्हणायचे, “म्हणून कान उघडे ठेवायचे.” गुरांच्या खाद्याच्या कंपनीला मेंढरांचा आवाज चालला नसता, हे आता लिहिताना मलाही हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

आणि मग आमच्या गावात भोंगा आला.

आमच्या भागात काही गावांनी हे सुरू केलंय. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. त्यानंतर साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी निदान त्यांच्या समोर पडद्यात डोकं घालायचं नाही. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी पुढे होते. माझी सना तेव्हा नववीत, आणि मोबाईल तिच्या हाताला जणू डिंकाने चिकटलेला. भोंग्याची जबाबदारी सुभेदार आबांनी घेतली. पलटणीतून निवृत्त झालेले, सरळ काठीसारखे, सातला बटण दाबून काठी घेऊन गल्लीत फेरी मारणारे.

सात वाजता अमेरिकेत सकाळ होते. माझी रोजची मीटिंग बरोबर सातची. हे मला हात वर करताना सुचलं नव्हतं असं नाही. वाटलं, निघेल काहीतरी मार्ग.

मी आबांकडे गेले. ते म्हणाले, “भाभी, कामाला कोण न्हाई म्हणतंय? रोजीरोटी हाय. पर उजेड पोरास्नी दिसाया नको. डिसिप्लिन एकदा ढिलं झालं की मग आवरत न्हाई.”

म्हणून मी खिडकीला वाकळ टांगली. रोज सातला मी माझ्याच घरात चोरासारखी बसायचे. खिडकीबाहेर पोरांची कुजबुज ऐकू यायची, “मुमताज चाचीच्या खोलीत कायतरी चालू हाय.” गावाला अमेरिका ऐकू येऊ नये म्हणून कानात इअरफोनची बोंडं, अमेरिकेला गाव ऐकू जाऊ नये म्हणून बोट म्यूटवर. मीटिंग सुरू झाल्यावर भोंगा थांबेपर्यंत, पहिलं मिनिटभर मी कधीच बोलायचे नाही. तिकडे सगळ्यांना वाटायचं, बाई लाजाळू आहेत.

असं बरेच दिवस निभावलं. मग तिकडे नवा साहेब आला, डेनिस. मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातला, अतिशय सज्जन माणूस. हे मुद्दाम सांगते, कारण माझं जे झालं ते कुणाच्या दुष्टपणाने झालं नाही. ते दिवस सीमेवर तणावाचे होते. मोठ्या शहरांतून भोंगे वाजवून सराव चाललेले, ते सगळं जगभर टीव्हीवर दिसत होतं. डेनिसने मीटिंग सुरू होताच पहिला प्रश्न मलाच विचारला.

“मुमताज, तुम्ही सगळे बरे आहात ना?”

उत्तर तर द्यायलाच हवं. मी म्यूट काढलं आणि ‘हो’ म्हणाले. माझा ‘हो’ कुणालाच ऐकू आला नाही. वर चढत जाणारा भोंगा तेवढा गेला.

डेनिसच्या गावात असा भोंगा चक्रीवादळ आलं की वाजतो, हे मला नंतर कळलं. तो उठून उभा राहिला. म्हणाला, “मुमताज, हे हवाई हल्ल्याचं आहे का? सगळं सोडा आणि आसऱ्याला जा.”

मी म्हणाले, “नाही, नाही. हा मुलांच्या अभ्यासाचा भोंगा आहे.”

तुम्हीच सांगा, या वाक्यावर कोण विश्वास ठेवेल? मलाही ते माझ्याच कानाला खोटं वाटलं. डेनिस हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला बोलायची बंदी असेल तर समजू शकतो.” आणि माझ्या जिवाच्या काळजीने त्याने मीटिंग बंद केली.

दुसऱ्या दिवशी नीलेश सरांचा संदेश आला. ‘दोन मिनिटं बोलू या का?’

तिकडून प्रश्नांची यादी आली होती. काम करणारी माणसं कुठे बसतात, धोका झाला तर काम दुसरीकडे कसं हलवणार, असं बरंच. मी म्हणाले, “सर, मी पुण्याला येऊन बसते. उद्यापासून येते.” ते म्हणाले, “मॅडम, त्यात शहराचा रकानाच नाही. देशाचा आहे. आपला अख्खा देश त्यांनी लाल करून टाकलाय.” मग म्हणाले, “मनिलामध्ये एक बॅकअप टीम करणार आहेत. नुसती बॅकअप.”

आमच्या धंद्यात नुसती बॅकअप असं काही नसतं. मार्गारेटबाईंना मीही नुसती बॅकअपच होते.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाजारात आता यंत्रावरचे आयते कोयते येऊन पडले होते, रियाजच्या दुकानात धार लावायला कोण येतंय? घर माझ्यावर होतं. सारिकाने फोनवर विचारलं, “बाई, मी दादास्नी काय सांगू? ते इचारत्यात, ह्या कामाचं काय खरं हाय का?” तिच्या घरात बापाला दादा म्हणतात. मी तिला म्हटलं, काही होणार नाही. फोन ठेवला आणि किती दिवसांचा किराणा उरलाय ते बघायला उठले.

गोष्ट गावात पसरली. गावात पसरल्याशिवाय राहतेय होय? सरपंच सुमनताई आल्या, आबा आले. सुमनताई म्हणाल्या, “भोंगा बंद करूया चार दिस.” आबा म्हणाले, “बंद कशापायी? भोंगा चांगल्या कामाचा हाय, ते साह्यबाला दावू. हाय ते हाय तसं. फिल्म काढा.”

मला ते पटलं. खरं ऐकून पटत नसेल तर बघून पटेल. आबांनी त्या दिवशी एका मोबाईलला सातनंतरची खास सूट दिली, आणि रियाजने चित्रण केलं.

मी ते पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. भोंगा सुरू होतो. गल्लीत खेळणारी पोरं घराकडे पळतात. आया दारात उभ्या राहून त्यांना आत ओढून घेतात. एकेका घरातला टीव्हीचा उजेड विझतो. दारं लागतात. मोकळ्या गल्लीतून आबा काठी घेऊन चालत येतात. साहेबाला वजन पडावं म्हणून त्यांनी कोट घातला होता, कोटावर सगळी मेडलं, डोक्यावर पलटणीची टोपी. कॅमेऱ्यापुढे थांबून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, “ऑल ओके, सर. व्हिलेज अंडर कंट्रोल.”

मला त्यात अभ्यासाला बसणारी पोरं दिसली. सुमनताईंना गावाची शिस्त दिसली. सनाला तिच्या मैत्रिणी दिसल्या. आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ चार-चारदा बघितला आणि मी तो डेनिसला पाठवून दिला.

डेनिसचं उत्तर सकाळी आलं. त्याने तो त्याच्या बायकोलाही दाखवला होता. ती रडली म्हणे. लहान लहान मुलं इतकी शिस्तीने आत जाताना बघून त्यांना शब्द सुचत नाहीत, असं लिहिलं होतं. त्या वृद्ध सैनिकाला आमचा सलाम सांगा. तुम्ही शूर लोक आहात. अशा वेळी कामाचं ओझं तुमच्यावर टाकणं आम्हाला शोभत नाही, म्हणून काम मनिलाला हलवणं आम्ही लवकर पुरं करू.

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तो मला डेनिसच्या डोळ्यांनी दिसला. आबांना काय सांगायचं? ते दुकानापाशी वाट बघत होते. मी म्हटलं, “साहेबांनी तुम्हाला सलाम सांगितलाय.” ते केवढे खूष झाले. पुढचं मी सांगितलं नाही.

मनिलाच्या मुलीचं नाव जॉय. माझ्या शेजारच्या चौकटीत तिचा चेहरा दिसायचा, मागे धुतलेले कपडे वाळत घातलेले. तीही कंत्राटी, तिच्यावर तीन मुकादम. मी तिला ठिगळं दाखवत गेले, ती भराभर लिहून घेत गेली. हुशार होती. मला ती वाईट निघावी असं वाटत होतं आणि ती चांगली निघत होती. नीलेश सर रोज विचारायचे, “मॅडम, त्यांच्याकडे काही गडबड दिसते का? एखादी मोठी गोष्ट सापडली तर अजून काम वाचवता येईल.” मी रोज शोधत होते. लाज वाटत नाही लिहायला, मी अगदी डोळ्यांत तेल घालून शोधत होते.

आणि ती सापडली. आमचा भोंगा सातला वाजून गेला होता. जॉयला मी त्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि अभ्यासाच्या भोंग्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच निघाली. का, ते त्या दिवशी कळलं. साडेसातच्या सुमाराला तिच्याकडून तसाच आवाज आला, वर चढत जाणारा. जॉयने झटकन म्यूट केलं. रोज सवयीप्रमाणे ती आधीच म्यूट करत असणार, त्या दिवशी बोलण्याच्या भरात राहून गेलं. थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली, “आमच्या वस्तीत रात्री दहाला भोंगा वाजतो. लहान मुलांनी रस्त्यावरून घरी जावं म्हणून. मुमताज, डेनिसला सांगू नकोस. माझ्यावर घर आहे.”

दुसऱ्या दिवशी डेनिसबरोबर शेवटची मीटिंग होती. सारिका होती, जॉय होती. डेनिसने आमचे आभार मानले आणि मग मला विचारलं, “मुमताज, नव्या जागेबद्दल मला माहीत असायला हवं असं काही आहे? काही धोका?”

जॉयच्या चौकटीत म्यूटची लाल खूण होती. तिचा चेहरा मी ओळखला. रोज सातला तो माझाच असायचा.

मी म्हणाले, “नाही. काही नाही.”

लोक याला चांगुलपणा म्हणतील. मी म्हणत नाही. त्या एका क्षणात मला एवढंच दिसलं, की मी बोलले तर डेनिस तिचा देशही लाल करील आणि काम तिसरीकडे नेईल. माझ्याकडे ते परत येणार नाही. आपलं वाचत नसेल तर दुसरीचं बुडवून काय मिळवायचं? पण काम परत येण्याची खात्री असती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. त्याच्या उत्तराची मला भीती वाटते.

सारिकाला हे सगळं मी नंतर सांगितलं. ती म्हणाली, “बाई, तुमी बोलला न्हाई तेच बरं केलं. पर आता आमी काय करायचं?” ती सध्या पुण्यात आहे. चौघींत मिळून एक खोली, आणि रोज ऑफिसात जाऊन हजेरी. आता मेंढरांचा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही, असं ती हसत म्हणते, आणि मग हसत नाही. मला एक छोटं कंत्राट मिळालंय, दोन-तीन महिन्यांनी वाढवून देतात, कधी देत नाहीत. त्याची मीटिंग दुपारी असते. तरी सातला माझं बोट टेबलावर आपोआप म्यूटचं बटण शोधतं.

काल संध्याकाळी जॉयचा संदेश आला. बऱ्याच महिन्यांनी. ‘कंपनी आणखी एका देशात टीम तयार करतेय. नुसती बॅकअप, असं सांगतात. मी घाबरायला हवं का?’

वाचून होतंय तोवर बाहेर भोंगा सुरू झाला. गावचा नियम आहे. मी मोबाईल पालथा ठेवला. दीड तास मला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, आणि खरं सांगते, इतकं सुटल्यासारखं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. समोर सना वही घेऊन बसली होती. तिला म्हणे कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. मी तिच्याकडे बघत बसले.

साडेआठला आबांची काठी गल्लीतून परत गेली, घराघरांतले टीव्ही पुन्हा बोलू लागले. मोबाईल मात्र मी सुलटा केला नाही.